जुन्या एसयूव्हीला मागचा एसी बसवायचा आहे. नुसती कॉइल लावून भागेल का?

डोंगरगाडी

नमस्कार मंडळी. गाडी नव्वदच्या दशकातली, लॅडर फ्रेमवरची, डिझेल, सात आसनी. इंजिन आणि गिअरबॉक्स धडधाकट आहेत आणि गाडी विकायची नाही, तेव्हा ‘नवीन घ्या की’ हा सल्ला कृपया कुणी देऊ नये.

अडचण मागच्या दोन रांगांची आहे. पुढे बसणाऱ्याच्या गुडघ्यांना गारठा लागतो आणि मागची मंडळी घामाघूम. मधल्या कन्सोलमधून मागे हवा देणारी जाळीसुद्धा नाही. याच मॉडेलच्या वरच्या व्हेरिएंटला मागचा एसी छतात कंपनीकडूनच लावून यायचा. माझ्या गाडीला तो नाही, पण छताचं अस्तर दाबून पाहिलं तर तिथे पोकळी लागते, म्हणजे जागा तीच असावी.

आतापर्यंत तीन पर्याय कानावर आलेत. बाजारात मिळणारं युनिव्हर्सल युनिट, म्हणजे कूलिंग कॉइल आणि ब्लोअर एकाच डब्यात, डिकीच्या बाजूला बसवायचं. नाहीतर भंगारात निघालेल्या वरच्या मॉडेलचा सेट काढून आणायचा. नाहीतर पुढचीच थंड हवा पंख्याने मागे ढकलायची. ज्या एसीवाल्याशी बोललो तो म्हणाला, ‘एक कॉइल, दोन पाइप, गॅस भरला की झालं, संध्याकाळी गाडी घेऊन जा.’ एवढं सोपं काम असेल असं वाटत नाही म्हणून इथे विचारतोय. कॉम्प्रेसर आहे तोच ओढेल का? गॅस किती जास्त लागतो? अल्टरनेटर ६० अँपिअरचा आहे, तो पुरेल का?

सावलीशोधक

एसीला हात लावायच्या आधी ऊन अडवा. भर दुपारी निरभ्र आकाशात एका चौरस मीटरवर साधारण १००० वॉट ऊन पडतं. जुन्या सात आसनी गाडीच्या मागच्या तिन्ही बाजूंना काचाच काचा असतात, आणि साध्या काचेतून त्यातला मोठा हिस्सा आत येतो. उष्णता अडवणारी पण पारदर्शक फिल्म (काळी नव्हे, नियमात बसणारी), तिसऱ्या रांगेच्या काचांना जाळीचे पडदे आणि छताच्या पत्र्याला आतून इन्सुलेशन, एवढं करून बघा. अस्तर तसंही उतरवावं लागणारच आहे.

पाना१९

सावलीशोधक यांचं बरोबर आहे, पण त्याच्याही आधी एक काम. पुढचा एसी आज काय देतोय ते मोजा. आधीच लंगडणाऱ्या यंत्रणेला दुसरी कॉइल जोडली तर मागचे थंड होत नाहीत, पुढचेही गरम होतात.

स्वयंपाकघरातला काटेरी थर्मामीटर मधल्या जाळीत खुपसा. गाडी सावलीत, दारं-काचा बंद, हवा आतल्या आत फिरती ठेवायची, ब्लोअर मध्यम, इंजिन १५०० आरपीएमवर दहा मिनिटं. बाहेर पस्तिशीच्या आसपास तापमान असेल तर जाळीतून ८ ते १० अंश तरी यायला हवं. १४-१५ येत असेल तर मागच्या एसीचा विषय तिथेच थांबवा.

मग क्रमाने बघायचं. पहिला संशयित हीटर. जुन्या गाड्यांत हीटरचा व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही, इंजिनचं गरम पाणी हीटर कोअरमधून फिरत राहतं आणि कॉइलने थंड केलेली हवा लगेच पुढे जाऊन तापते. बॉनेट उघडून, इंजिन गार असताना, हीटरकडे जाणारा होज क्लॅम्पने चिमटून बंद करा आणि पुन्हा मोजा. तीन-चार अंशांचा फरक पडला तर चोर सापडला. दुसरा फॅन क्लच, म्हणजे इंजिन तापलं की पंख्याला जोर देणारा जोड. इंजिन तापलेलं असताना पंखा मोकळा फिरत असेल तर गाडी उभी असताना कंडेन्सरमधून (गॅसची उष्णता बाहेर टाकणारी पुढची जाळी) हवाच जात नाही. तिसरा कंडेन्सर. रेडिएटर आणि कंडेन्सरच्या मधल्या फटीत वर्षानुवर्षांची माती आणि किडे बसलेले असतात, समोरून दिसत नाहीत. रेडिएटर जरा मागे ओढून इंजिनच्या बाजूने हलक्या पाण्याने धुवायचा. प्रेशर वॉशर अगदी जवळून मारला तर पात्या आडव्या होतात, तेवढं सांभाळा.

गॅस कमी आहे का हा प्रश्न सगळ्यात शेवटी. आपल्याकडे लोक तिथूनच सुरुवात करतात.

बेल्टबहाद्दर

जरा अवांतर. कारखान्यातून एसी बसवून आलेली पहिली मोटार म्हणजे १९४० च्या मॉडेलची पॅकार्ड. तिचा एसी मागेच होता. कॉइल आणि ब्लोअर मिळून निम्मी डिकी खायचे आणि हवा मागच्या सीटच्या पाठीमागून यायची. कॉम्प्रेसरला बेल्टपासून वेगळा करणारा क्लच नव्हता, त्यामुळे थंडीत एसी बंद ठेवायचा तर बॉनेट उघडून बेल्ट काढून ठेवायचा! म्हणजे डोंगरगाडी, तुम्ही करताय ते काही जगावेगळं नाही, मूळ पद्धतच ती.

आता कामाचं. ६० अँपिअरमध्ये जरा ओढाताण होईल. छतातल्या युनिटचा ब्लोअर पूर्ण वेगावर १० ते १५ अँपिअर घेतो. कंडेन्सरला जादा इलेक्ट्रिक पंखा लावलात, आणि लावावाच लागेल असं वाटतं, तर आणखी ८-१०. पुढचा ब्लोअर, क्लच, हेडलाइट, पावसात वायपर, मागच्या काचेचा हीटर. त्यात अल्टरनेटर ६० अँपिअर देतो तो वेगात असताना, आयडलवर त्याच्या निम्मंही मिळत नाही. रात्री ट्रॅफिकमध्ये उभे असाल तेव्हा बॅटरीच सगळं ओढत बसेल. त्याच इंजिनच्या वरच्या मॉडेलला मोठा अल्टरनेटर येत असेल, बहुतेक येतोच, तर ब्रॅकेट न बदलता बसतो.

वायरिंग जुन्या ब्लोअरच्या लाइनला जोडू नका. बॅटरीपासून वेगळी ४ चौरस मिमीची वायर काढा. फ्यूज बॅटरीला अगदी लागून, २० अँपिअरचा. रिले हवाच, स्विच फक्त रिलेला चालू करेल. १५ अँपिअर आणि ५ मीटर वायर धरली तर ४ चौरस मिमीमध्ये एका बाजूला साधारण ०.३५ व्होल्ट पडतात, दीड चौरस मिमीच्या वायरीत जवळजवळ १ व्होल्ट. ब्लोअर हळू फिरतो आणि लोक मोटर बदलत बसतात. अर्थिंग बॉडीला द्यायचं तर रंग खरवडून, बोल्टने.

डोंगरगाडी

पाना१९, मोजलं. आधी १४ अंश. होज चिमटल्यावर १०.५! हीटर व्हॉल्व्ह बदलला. कंडेन्सर आणि रेडिएटरच्या मधून अक्षरशः मूठभर वाळकी पानं आणि गवत निघालं. फॅन क्लच ठीक आहे. आता ८.५ येतंय.

मागे थोडा फरक पडला, पण तिसऱ्या रांगेत अजून घाम. पुढच्या जाळ्यांचा रोख छताकडे केला तर हवा दुसऱ्या रांगेपर्यंत जाते, त्यापुढे मेली. म्हणजे मागचा एसी हवाच.

कोरडीहवा

थोडं गणित मांडतो, निर्णय सोपा होईल.

स्वस्थ बसलेला माणूस साधारण १०० वॉट उष्णता सोडतो. सात जणांचे ७००. घामाची वाफ त्यातच आली, आणि तिचं पाणी करण्यासाठी कॉइलला वेगळं काम पडतं. ऊन आणि पत्रा मिळून यापेक्षा कितीतरी जास्त. पुढच्या एसीची ताकद या वर्गाच्या गाड्यांत साधारण ४-५ किलोवॉट धरा. म्हणजे गाडी एकदा थंड झाली की आहे ती ताकद आकड्यांत पुरेशी असू शकते, फक्त ती पुढे अडकून पडते. म्हणून ‘पुढची हवा मागे ढकला’ हा पर्याय हसण्यावारी नेऊ नका. त्याची अडचण वेगळी आहे. मागे पाठवलेली हवा वाटेत तापते आणि पुढच्या ब्लोअरकडे परत यायला तिला रस्ता नसतो. सीटखालून नेलेल्या डक्टला इन्सुलेशन असेल तर दुसऱ्या रांगेला उपयोग होतो. तिसऱ्या रांगेला नाही.

आता दोन कॉइल असतील तर काय होतं ते. पुढची आणि मागची कॉइल समांतर असतात. दोन्हींची परतीची लाइन एकाच कॉम्प्रेसरला येऊन मिळते, म्हणून दोन्हीकडचा सक्शन प्रेशर (कॉम्प्रेसर ओढतो त्या बाजूचा दाब) जवळपास एकच राहतो. कॉम्प्रेसर ठरावीक घनफळाचाच गॅस ओढू शकतो. दुसरी कॉइल जोडली की उकळणारा गॅस वाढतो आणि सक्शन प्रेशर वर जातो. आर-१३४ए या एसीच्या गॅससाठी २८ पीएसआय (दाबाचं माप) म्हणजे कॉइलमध्ये ० अंश, ३६ म्हणजे ५ अंश, ४५ म्हणजे १० अंश. पुढची कॉइल आधी ३० वर चालत होती आणि मागची जोडल्यावर ४५ वर गेली, तर पुढच्या जाळीतून १० पेक्षा थंड हवा येणं शक्यच नाही. त्यावर मेकॅनिक कितीही गॅस भरो.

तेव्हा ‘तोच कॉम्प्रेसर चालेल का’ याचं उत्तर त्याच्या सीसीमध्ये आहे. सॅन्डन ५०८ असेल तर १३८ सीसी. ७एच१५ असेल तर १५५. डेन्सोचा १०पीए१७ हा १७८ आणि १०पीए२० हा २०७ सीसीचा. तुमच्याकडे कोणता आहे?

डोंगरगाडी

प्लेटवर १०पीए१५ दिसतंय.

कोरडीहवा

म्हणजे १५५ सीसी. हायवेवर चालेल, शहरात आयडलवर दमेल. ब्रॅकेट आणि पुलीची लाइन जुळत असेल तर १०पीए१७ टाका. पण त्याची दुसरी बाजूही लक्षात घ्या. मोठा कॉम्प्रेसर जास्त उष्णता कंडेन्सरकडे पाठवतो. कॉइलने केबिनमधून काढलेली उष्णता आणि कॉम्प्रेसरने घातलेलं काम, दोन्ही कंडेन्सरलाच बाहेर टाकायचंय. जुना सापासारख्या नळीचा कंडेन्सर असेल तर त्या मापाचा पॅरलल फ्लो, म्हणजे अनेक समांतर नळ्यांचा घ्या. हाय साइड (कॉम्प्रेसरनंतरची जास्त दाबाची बाजू) २३० पीएसआय म्हणजे कंडेन्सरमध्ये ६० अंश. उभ्या गाडीत त्याच्या फार वर जात राहिलं तर पंखा कमी पडतोय, आणि रेडिएटर त्याच्याच मागे आहे हे विसरू नका. इंजिनच्या टेंपरेचरचा काटाही बघायचा.

पाना१९

कोरडीहवा यांच्याशी सहमत, एक सोडून. डक्ट-पंखा दुसऱ्या रांगेलासुद्धा मला फारसा पटत नाही, आवाजच जास्त. असो.

माझं मत सरळ आहे. तुमच्या गाडीच्या वरच्या व्हेरिएंटला मागचा एसी कंपनीकडून येत होता, मग युनिव्हर्सल डब्याच्या वाटेला जाऊ नका. भंगारातून तोच सेट शोधा. कारण कॉइलसोबत बाकीचं सगळं मिळतं: छतातले ब्रॅकेट, डक्ट, जाळ्या, वरचं स्विच पॅनेल, फ्रेमच्या कडेने जाणाऱ्या ॲल्युमिनियमच्या वळवलेल्या नळ्या, त्यांचे रबरी क्लिप, वायरिंग. फ्रेमला भोकं तीच असतात. कॉइल कुठेही मिळेल, दिवस खातात ते हे सुटे तुकडे.

त्यातलं काय वापरायचं नाही तेही सांगतो. ड्रायर बॉटल नवीनच. ती उघडी पडली की हवेतली ओल पिऊन बसते. ओ-रिंग सगळ्या नवीन, आर-१३४ए ला चालणाऱ्या, बहुधा हिरव्या रंगाच्या येतात. बसवताना कॉम्प्रेसरचं तेल लावायचं, ग्रीस नाही. रबरी होज जुने असतील तर नवीन बॅरिअर होज (गॅस झिरपू न देणारे) क्रिंप करून घ्या. एक्स्पान्शन व्हॉल्व्ह, म्हणजे कॉइलमध्ये द्रव मोजून सोडणारा, नवीन. भंगारातली गाडी अपघाताआधी किती वर्षं उभी होती हे कुणाला ठाऊक? कॉइल नायट्रोजनने तपासा. नळ्या फ्लश करा, नंतर नायट्रोजनने कोरड्या करा. ज्या गाडीतून सेट काढताय तिचा कॉम्प्रेसर आतून फुटलेला असेल, नळीत काळी-चंदेरी भुकटी दिसेल, तर त्या गाडीचं काहीच घेऊ नका.

मावशीची_जीप

मी असं काम करून घेतलंय, युनिव्हर्सल युनिटचं, म्हणून लिहिते. थंड होतं, ते नाकारणार नाही. पण बसवणाऱ्याने घोळ घातले ते ऐका.

युनिट तिसऱ्या रांगेच्या मागे, डिकीच्या बाजूला लावलं. त्याची हवा आत घेणारी जाळी खालच्या बाजूला. सामान भरलं की जाळी झाकली जाते, ब्लोअर नुसता घुर्र करतो आणि कॉइलवर बर्फ धरतो. आता तिथे मी एक जाळीचा आडोसा केलाय.

दुसरं पाणी. कॉइलचं पाणी बाहेर नेणारी नळी त्याने चाकाच्या कमानीत सोडली, पण वाटेत एक झोल ठेवला. चढावर गाडी असली की पाणी उलटं येऊन कार्पेटमध्ये. वास सुटला तेव्हा कळलं. नळीला सतत उतार हवा आणि शेवटी चिमटलेलं रबरी तोंड, म्हणजे धूळ-चिखल वर चढत नाही.

आणि थंड परतीच्या नळीला आतल्या भागात इन्सुलेशन घातलंच नव्हतं. तिला घाम येऊन ट्रिमच्या मागचा पत्रा गंजायला लागला. काळा फोम मिळतो, सांधे टेपने बंद करून लावायचा.

डोंगरगाडी

ताई, फार उपयोगाचं लिहिलंत. छतातल्या युनिटचं पाणी कुठून जातं?

मावशीची_जीप

त्यातलं पाना१९ सांगतील.

पाना१९

छतातल्या युनिटला दोन्ही बाजूंनी ड्रेन असतात, खांबांच्या आतून खाली उतरतात. गाडी डावीकडे कललेली असो वा उजवीकडे, एक तरी बाजू खाली असते. अस्तर पुन्हा लावण्यापूर्वी ट्रेमध्ये मगभर पाणी ओतून, गाडी एका बाजूने जॅकवर उचलून बघा. दोन्ही बाजूंनी. अस्तर लावल्यावर कळलं तर सगळं पुन्हा उतरवावं लागेल.

नळ्या कुठून न्यायच्या ते महत्त्वाचं. लिक्विड लाइन सायलेन्सरच्या बाजूने कधीही नाही. तिच्यात द्रव आहे, वाटेत तापला तर व्हॉल्व्हपर्यंत पोचायच्या आधीच बुडबुडे होतात, व्हॉल्व्ह फुसफुसतो आणि कॉइल अर्धी उपाशी राहते. एक्झॉस्ट उजवीकडून जात असेल तर नळ्या डावीकडून. नाइलाज असेल तर मधे पत्र्याची ढाल. डिझेल टाकी, ब्रेकच्या नळ्या, मागच्या सस्पेन्शनचा खाली-वर होण्याचा टप्पा, सगळ्यांपासून अंतर. ॲल्युमिनियमची नळी थेट लोखंडी क्लॅम्पमध्ये आवळू नका, ओलाव्यात दोन धातू एकत्र आले की ॲल्युमिनियम खाल्लं जातं. रबर मधे हवं.

जोड कुठे द्यायचा तेही सांगून ठेवतो. लिक्विडचा टी-जोड ड्रायरच्या पुढे, पुढच्या व्हॉल्व्हच्या आधी. परतीचा जोड पुढच्या कॉइलनंतर, कॉम्प्रेसरच्या आधी. मागच्या कॉइलला स्वतःचा एक्स्पान्शन व्हॉल्व्ह. बल्बवाला (नळीचं तापमान ओळखणारा) असेल तर बल्ब परतीच्या नळीला घट्ट, नळीच्या पोटाखाली नाही, बाजूला किंवा वर, आणि त्यावर इन्सुलेशन. बल्ब ढिला राहिला तर तो केबिनची हवा मोजतो, व्हॉल्व्ह उघडाच राहतो, आणि द्रव थेट कॉम्प्रेसरमध्ये.

नवखा_चालक

मधेच विचारतो, माफ करा. माझ्याकडेही अशीच गाडी आहे पण एसी आर-१२ चा आहे असं बॉनेटच्या स्टिकरवर लिहिलंय. त्यात हे करता येईल?

कोरडीहवा

करता येईल, पण आधी पूर्ण आर-१३४ए करून घ्या. १९८७ च्या माँट्रियल करारानंतर आर-१२ हटवत नेला गेला, विकसित देशांनी १९९६ पासून त्याचं उत्पादन बंद केलं. नुसता गॅस बदलून भागत नाही. आर-१२ सोबत खनिज तेल असतं आणि आर-१३४ए ते नीट वाहून परत आणत नाही, कॉम्प्रेसर कोरडा पडतो. तेल, ड्रायर, ओ-रिंग, जमलं तर होज, सगळं बदला. मागची कॉइल बसवताना यंत्रणा उघडणारच आहे, तेव्हा दोन्ही कामं एकदम. नव्या गाड्यांतला आर-१२३४वायएफ जुन्या यंत्रणेत भरायचा मोह नको, तो किंचित ज्वलनशील आहे. आणि जुना गॅस हवेत सोडून द्यायचा नाही, यंत्राने काढून घ्यायचा.

डोंगरगाडी

सेट मिळाला! नळ्यांसकट, स्विच पॅनेलसकट. नळ्या आतून स्वच्छ आहेत. १०पीए१७ सुद्धा त्याच गाडीचा निघाला. आता गॅसचा प्रश्न. एसीवाला म्हणतो गेज बघून भरतो, अंदाज असतो.

कोरडीहवा

वजनकाट्यावर भरा. सात आसनी वरच्या मॉडेलच्या बॉनेटखालच्या स्टिकरवर दोन कॉइलचा आकडा असतो. तोच तुमचा आकडा, कारण सगळे भाग त्याच मॉडेलचे आहेत. ज्या गाडीतून सेट काढला तिचं बॉनेट अजून तिथे असेल तर स्टिकरचा फोटो मागवा.

नाहीच मिळालं तर हिशेब असा. जादा गॅस कॉइलपेक्षा नळीत जास्त जातो. लिक्विड लाइनचा आतला व्यास ८ मिमी आणि लांबी ४ मीटर धरली तर तिचं पोट होतं २०० मिलीच्या आसपास. द्रव आर-१३४ए ४० अंशांना मिलीला १.१५ ग्रॅम भरतो. म्हणजे नुसती नळी भरायलाच २३० ग्रॅम. हीच नळी ६ मिमीची असती तर १३० ग्रॅमच. म्हणून या कामात ‘अमुक गाडीला इतका लागला’ या उत्तराला अर्थ नाही, नळी मोजल्याशिवाय. ढोबळ मानाने मूळ आकड्यावर २०० ते ४०० ग्रॅम जास्त, त्यातलं शेवटचं शंभर हळूहळू, दोन्ही ब्लोअर पूर्ण चालू ठेवून, हाय साइडवर नजर ठेवून.

पाना१९

गेज बघून भरणाऱ्याचं मन राखतो: अनुभवी माणूस जवळ पोचतो. पण दोन कॉइलमध्ये गेज फसवतं, कारण मागचा व्हॉल्व्ह केव्हा किती उघडा आहे ते गेजला कळत नाही.

तेल विसरू नका. मागची कॉइल आणि लांब नळी यासाठी ४०-५० मिली जास्त. कॉम्प्रेसर भंगारातला आहे तर त्यातलं तेल पूर्ण काढून, रंग बघून, मोजून नवीन भरा. पीएजी तेल, ग्रेड कॉम्प्रेसरच्या प्लेटप्रमाणे. डबा उघडला की लगेच बंद, ते पाणी ओढतं. व्हॅक्यूम, म्हणजे नळ्यांतली हवा-ओल पंपाने ओढणं, पाऊण तास तरी, मग पंप बंद करून अर्धा तास सुई हलते का ते बघा. ‘दहा मिनिटं मारला, बास झालं’ म्हणाला तर गाडी बाहेर काढा. गॅस भरताना, जोड सोडताना डोळ्यांवर चष्मा. आर-१३४ए उणे २६ ला उकळतो, डोळ्यात गेला तर कायमचं नुकसान.

बेल्टबहाद्दर

स्विचिंगबद्दल एक. मागचा एसी एकटा चालणार नाही अशीच जोडणी करा. क्लच चालू-बंद करणारा थर्मिस्टर (तापमान मोजणारा सेन्सर) पुढच्या कॉइलवर बसलेला असतो. पुढचा ब्लोअर बंद आणि मागचा चालू ठेवलात तर पुढची कॉइल हवेविना लगेच गोठणबिंदूला येते, थर्मिस्टर क्लच तोडतो आणि मागे कोमट हवा. पुढचा निदान एकवर असल्याशिवाय मागच्या रिलेला करंट मिळू नये. कंपनीचं वायरिंग बहुतेक असंच असतं.

आणि मागच्या लिक्विड लाइनला सोलेनॉइड (विजेने उघडबंद होणारा व्हॉल्व्ह) लावा, मागे कुणी नसेल तेव्हा बंद.

पाना१९

सोलेनॉइडवर माझं वेगळं मत. मूळ सेटमध्ये नसेल तर घालू नका. महिनोन्महिने मागची लाइन बंद राहिली तर तिच्यात गेलेलं तेल तिथेच पडून राहतं. मागे कुणी नसलं तरी आठवड्यातून एकदा मागचा ब्लोअर पाचदहा मिनिटं चालवा, गाडी वेगात असताना. बल्बवाला व्हॉल्व्ह ब्लोअर बंद असताना स्वतःच जवळपास मिटतो.

बेल्टबहाद्दर

जवळपास मिटतो, पूर्ण नाही. पण ठीक, तेलाचा मुद्दा मान्य.

डोंगरगाडी

काम झालं. फ्रेमच्या डाव्या बाजूने नळ्या गेल्या, भोकं खरंच तिथेच होती. छताच्या पत्र्याला इन्सुलेशन आणि तिसऱ्या रांगेला जाळीचे पडदे सावलीशोधक यांच्या सांगण्यावरून. स्टिकरचा फोटो मिळाला, गॅस त्याप्रमाणे वजनावर. कंडेन्सरपुढे बारा इंची पंखा. अल्टरनेटर मोठा टाकला. ट्रेमध्ये पाणी ओतून पाहिलं तेव्हा उजवा ड्रेन तुंबलेला निघाला, कोळ्याचं घर होतं. अस्तर लावायच्या आधी सापडलं हे नशीब.

आकडे: चालत्या गाडीत पुढे ८, मागे छताच्या जाळीतून ९-१०. ट्रॅफिकमध्ये उभं राहिलं की पुढे ११ आणि मागे १२-१३ पर्यंत चढतं. आयडल वाढवणारा व्हॅक्यूमचा डबा नीट जुळवल्यावर हेही थोडं सुधारलं. चढणीला एसी चालू असताना इंजिन जरा जड वाटतं. इंजिनचा काटा जागचा हलला नाही.

तक्रार म्हणून एकच. गाडी बंद केल्यावर मागून छतातून मिनिटभर सूंऽऽ असा आवाज येतो. लिकेज तर नसेल?

पाना१९

नाही. कॉम्प्रेसर थांबला की हाय साइडचा दाब दोन्ही व्हॉल्व्हमधून लो साइडकडे उतरतो, तोच आवाज. पुढेही येतो, पण तो डॅशबोर्डच्या मागे दबतो, मागचा तुमच्या डोक्यावर आहे. मिनिट-दीड मिनिटात थांबत असेल तर सोडून द्या. इंजिन चालू असताना सतत सूं येत राहिलं आणि मागे गारवा कमी झाला तर गॅस कमी होतोय.

नवखा_चालक

उन्हात उभी केलेली गाडी सुरू केल्यावर दोन्ही ब्लोअर लगेच फुल करायचे का?

पाना१९

आधी काचा उघडून दोन मिनिटं चालवा, तापलेली हवा बाहेर जाऊ द्या. मग काचा बंद, हवा आतल्या आत, पुढचा ब्लोअर फुल, मागचा मध्यम. पुढची हवा थंड लागायला लागली की मागचा वाढवा. सुरुवातीलाच दोन्ही फुल केले तर सक्शन प्रेशर वर राहतो आणि दोन्हीकडे बराच वेळ कोमटच येतं.

मावशीची_जीप

हे माझ्या युनिटलाही लागू पडतं, आजच करून पाहिलं. डोंगरगाडी, त्या छतातल्या जाळ्यांचा आणि स्विच पॅनेलचा फोटो टाका ना. माझ्याही मॉडेलचा सेट कुठे मिळतो का बघते, डिकीतला डबा काढून टाकायचाय.